जर्मनीतल्या महाराष्ट्र मंडळांना खुले पत्र: पैसे पाठवण्याआधी खोली कुणीतरी पाहून यायला हवी

सर्व मंडळांचे पदाधिकारी आणि सभासद यांना सप्रेम नमस्कार.

गणपतीची वर्गणी, हॉलचे बुकिंग, ढोल-ताशाच्या सरावासाठी जागेची परवानगी अशी तुमची धावपळ सुरू असते, त्याच दिवसांत पुणे, मुंबई, नाशिक, नागपूर, कोल्हापूरची मुले-मुली फ्रँकफर्ट आणि म्युनिकच्या विमानतळांवर उतरत असतात. हिवाळी सत्र कागदोपत्री १ ऑक्टोबरला सुरू होते, काही उपयोजित विज्ञान विद्यापीठांत १ सप्टेंबरलाच. २०२३-२४ च्या हिवाळी सत्रात जर्मनीत शिकणाऱ्या भारतीयांची संख्या ४९ हजारांच्या वर होती आणि परदेशी विद्यार्थ्यांमध्ये भारतीयांचा गट सर्वांत मोठा होता. त्यांतले मराठी किती, याची वेगळी मोजदाद होत नाही, पण तुमच्या आरतीला दरवर्षी किती नवे चेहरे दिसतात ते तुम्हीच पाहता.

हे चेहरे आरतीला येतात तोवर त्यांचे पहिले दोन आठवडे बहुधा उलटून गेलेले असतात. आमचे म्हणणे त्या दोन आठवड्यांबद्दल आहे. ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबर संपेपर्यंत प्रत्येक मंडळाने नव्या विद्यार्थ्यांसाठी तीन गोष्टींची सोय करावी: भाड्याची खोली प्रत्यक्ष पाहून येणारा माणूस, सरकारी कचेरीत शेजारी बसणारा माणूस, आणि जमेल त्या घरी दोन-तीन महिन्यांसाठी खरीखुरी एक खोली. पुण्या-मुंबईतला सल्लागार प्रवेश मिळवून देतो, व्हिसाची फाइल लावून देतो. पण तो येथे उभा नसतो. तुम्ही असता. म्हणून हे पत्र तुम्हाला आहे.

पहिल्या दिवसांतली जवळजवळ प्रत्येक अडचण पत्त्यापाशी येऊन थांबते. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत आनमेल्डुंग, म्हणजे पत्त्याची नोंदणी, करणे कायद्याने बंधनकारक आहे. तिच्यासाठी पासपोर्ट, भरलेला अर्ज आणि घर देणाऱ्याची सही असलेला दाखला लागतो. या दाखल्याचे जर्मन नाव व्होनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग. नाव लांबलचक असले तरी कागद एका पानाचाच असतो. नवी मुले नेमकी येथे फसतात: ती भाडेकरार घेऊन जातात आणि परत पाठवली जातात. नोंदणीला करार चालत नाही, हा वेगळा दाखलाच लागतो.

दाखल्यावर घर देणाऱ्याचे नाव व पत्ता, तो स्वतः मालक नसेल तर मालकाचेही नाव, घराचा पत्ता, राहायला आल्याची तारीख आणि राहायला येणाऱ्या प्रत्येकाचे नाव असावे लागते. घोळ होतो तो तारखेत. मुलगा करार करतो जुलैमध्ये, पुण्यातून. घरात पाऊल ठेवतो १८ सप्टेंबरला. दाखल्यावर कराराची तारीख पडली, तर दोन आठवड्यांची मुदत तो विमानात बसण्याआधीच संपलेली दिसते. तारीख घरात शिरल्याची हवी. दुसरा घोळ नावाचा. आपल्या पासपोर्टात वडिलांचे नाव बहुधा ‘गिव्हन नेम’च्या रकान्यात असते. घरमालक ते गाळतो किंवा त्यालाच आडनाव समजतो. दाखल्यावर, करारावर आणि पासपोर्टवर नाव अक्षर न् अक्षर सारखे असावे, एवढे आधी तपासून घेतले की अर्धे हेलपाटे वाचतात.

दाखला देणे ही घर देणाऱ्याची मेहेरबानी नव्हे. माणूस खरोखर राहायला आला असेल, तर तो द्यावाच लागतो. ‘आनमेल्डुंग मिळणार नाही’ असे लिहिलेल्या जाहिरातींकडे पाठ फिरवायची. खोली कितीही स्वस्त असो, त्या पत्त्यावर पुढचे एकही काम होत नाही.

मोठ्या शहरांत कचेरीची वेळ मिळवणे हेच एक काम होऊन बसते. बर्लिनमध्ये राहत्या भागातलेच बुर्गरआम्ट गाठले पाहिजे असे नाही, शहरातल्या कुठल्याही नागरिक कचेरीत नोंदणी होते. रद्द झालेल्या वेळा सकाळी लवकर संकेतस्थळावर परत दिसू लागतात, तेव्हा पाहत राहावे. ११५ हा सरकारी चौकशीचा नंबरही उपयोगी पडतो, मात्र समोरचा जर्मन बोलणार, आणि तुमचा एक फोन येथेच मुलाच्या दहा ईमेलांपेक्षा जास्त काम करतो. दोन आठवड्यांत वेळ मिळालीच नाही, तर ‘वेळ उपलब्ध नाही’ या पानाचे तारखेसह स्क्रीनशॉट आणि पुढची मिळालेली वेळ जपून ठेवायला सांगा. आपण टाळाटाळ केली नाही, हे त्यावरून दाखवता येते.

नोंदणीच्या अर्जात धर्माचा रकाना असतो. वसईच्या किंवा गोव्याच्या ख्रिस्ती विद्यार्थ्याला त्याचा अर्थ आधीच सांगायला हवा. तेथे कॅथलिक किंवा प्रोटेस्टंट लिहिले की त्याची नोंद चर्च-करासाठी होते. विद्यार्थिदशेत आयकर लागण्याइतकी कमाई नसेल तर काही कापले जात नाही, पण नोकरी लागल्यावर आयकराच्या ८ टक्के (बायर्न आणि बाडेन-व्युर्टेंबर्गमध्ये) किंवा ९ टक्के (इतर राज्यांत) रक्कम वेगळी जाते. लिहायचे की नाही हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा प्रश्न आहे. पण काय लिहितो आहोत हे कळून लिहावे.

यानंतर टपालपेटी. मुलांना तिचे महत्त्व सांगूनही खरे वाटत नाही. येथे पत्त्यात फ्लॅट नंबर नसतो. पोस्टमन पेटीवरचे आडनाव वाचतो आणि पत्र टाकतो. नाव नसेल तर पत्र ‘असा कोणी येथे राहत नाही’ अशा शेऱ्यासह परत जाते. बँकेचे कार्ड एका पाकिटात येते, त्याचा पिन दुसऱ्या पाकिटात, काही दिवसांच्या अंतराने. आरोग्य विम्याचे कार्ड, ११ आकडी कर क्रमांक, परदेशी नागरिक कचेरीची बोलावणी, सगळे टपालाने. कर क्रमांक नोंदणीनंतर साधारण दोन ते चार आठवड्यांत येतो. तो परत गेला, तर पहिल्या अर्धवेळ नोकरीच्या पगारातून सर्वांत जड वर्गाने कर कापला जाण्याची वेळ येऊ शकते. म्हणून किल्ली हातात आल्याच्या संध्याकाळीच कागदाच्या पट्टीवर पासपोर्टातले आडनाव ठळक लिहून पेटीवर आणि दारावरच्या बेलवर पारदर्शक टेपने चिकटवावे. घरमालकाची छापील पाटी येईल तेव्हा येईल. कुणाकडे उतरला असेल, तर पत्त्यात स्वतःच्या नावाखाली ‘सी/ओ’ लिहून पेटीवर जे नाव आहे ते घालावे.

आता पैशांची गाठ. व्हिसासाठी बहुतेकांनी वर्षाचे ११,९०४ युरो ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे ठरलेली रक्कमच दरमहा मोकळी करणाऱ्या खात्यात, ठेवलेले असतात आणि त्यांतले महिन्याला ९९२ मिळतात. घरच्यांना वाटते, पोरगा पोहोचला की पैसे सुरू. तसे होत नाही. ते ९९२ युरो ज्या साध्या चालू खात्यात जमा व्हायचे, ते खाते येथे येऊन उघडावे लागते आणि ब्लॉक्ड अकाउंटशी जोडावे लागते. खाते उघडायला बऱ्याच बँका नोंदणीचा कागद मागतात, नोंदणीला घर लागते आणि घराला अनामत लागते. अनामतीचे पैसे तर ब्लॉक्ड अकाउंटमध्ये अडकलेले. या फेऱ्यात तीन-चार आठवडे सहज जातात. म्हणून पहिल्या महिन्याचा खर्च वेगळा, हाताशी हवा: फॉरेक्स कार्डावर किंवा परदेशात चालणाऱ्या कार्डावर १,५०० ते २,५०० युरो, म्युनिकसारख्या शहरात त्याहून जास्त. त्यातून अनामतीचा हप्ता, पहिले भाडे, विद्यापीठाची सत्र वर्गणी, विमा, पांघरूण आणि किराणा निघतो. पत्ता नाही म्हणून बँक खाते नाकारू लागली, तर ‘बाझिसकोंटो’, म्हणजे मूलभूत खाते, असा शब्द वापरून लेखी अर्ज करायला सांगा. २०१६ पासून कायदेशीर वास्तव्य असलेल्या प्रत्येकाला या खात्याचा हक्क आहे, पक्का पत्ता नसला तरी. आणि पूर्ण अर्ज मिळाल्यावर बँकेला कामकाजाच्या दहा दिवसांत उत्तर द्यावे लागते.

निघण्यापूर्वीची एक गोष्ट तुमच्या व्हॉट्सॲप गटांवर जुलैमध्येच सांगून ठेवता येईल. भारतीय सिमवर आंतरराष्ट्रीय रोमिंग भारतातच सुरू करून घ्यावे. बँकेचा ओटीपी त्याच नंबरवर येतो. येथे पोहोचल्यावर ते सुरू करायला निघालेल्या मुलाला त्यासाठीही कधी कधी ओटीपीच लागतो.

आता मूळ मुद्दा, खोलीचा.

विद्यार्थी वसतिगृहे चालवणाऱ्या श्टुडिरेंडेनवेर्ककडे प्रवेशपत्र हाती पडताच अर्ज टाकायचा असतो, तरी अनेक शहरांत प्रतीक्षायादी एक-दोन सत्रांची असते. मग मुले भारतातूनच खाजगी जाहिराती पाहू लागतात. फसवणुकीची रीत ठरलेली आहे. शहराच्या मध्यावर, छान फोटो, भाडे आजूबाजूच्या खोल्यांपेक्षा बरेच कमी. मालक म्हणतो, मी सध्या कामानिमित्त परदेशात आहे, किल्ली कुरियरने पाठवतो, अनामत आणि पहिला महिना आधी भरा, पैसे एका ओळखीच्या भाडे-संकेतस्थळामार्फत सुरक्षित राहतील. त्या संकेतस्थळाचा म्हणून दिलेला दुवा बनावट असतो. सोबत पासपोर्टची प्रत मागतो, आणि तीच प्रत पुढच्या मुलाला ‘हा माझा पासपोर्ट, विश्वास ठेवा’ म्हणून पाठवली जाते. पुण्यात बसलेल्या आईवडिलांना हे ओळखायला काही साधन नाही. खोली त्याच गावात राहणाऱ्याने जाऊन पाहिली तर मात्र वीस मिनिटांत निकाल लागतो. मंडळाने बाकी काहीच केले नाही आणि एवढे एकच केले, तरी कितीतरी कुटुंबांचे दोन-दोन हजार युरो वाचतील.

पाहायला जाणाऱ्याने काय पाहायचे, तेही ठरवून घेऊ. आधी दारावरची बेल: तेथले नाव आणि करार करणाऱ्याचे नाव जुळते का. समोरचा मालक नसून स्वतःच भाडेकरू असेल, तर त्याचा मूळ करार आणि पोटभाडेकरू ठेवायला मालकाने दिलेली लेखी परवानगी दाखवायला सांगा. दाखवायला कांकू करणाऱ्याला तेथेच नमस्कार करावा. नंतर स्पष्ट विचारा: आनमेल्डुंगचा दाखला पहिल्या आठवड्यात मिळेल ना? भाडे सांगितले ते काल्ट की वार्म? काल्टमीटे म्हणजे नुसत्या जागेचे भाडे, वार्ममीटेमध्ये हीटिंग, पाणी, कचरा असा खर्च धरलेला असतो, पण वीज आणि इंटरनेट बऱ्याचदा त्यातही नसते. करार मुदतीचा आहे की बेमुदत, सोडताना किती महिन्यांची नोटीस, हे वाचा. बाहेरच्या भिंतीचे कोपरे आणि खिडकीखालची जागा पाहा. काळसर डाग किंवा ताज्या रंगाचा एकच चौकोन दिसला तर बुरशी असू शकते. स्वयंपाकघर आहे का, हेही विचारा. जर्मनीत रिकामे घर म्हणजे अनेकदा ओटा, शेगडी, सिंकसुद्धा नसलेले घर.

अनामत काल्टमीटेच्या तीन महिन्यांहून जास्त घेता येत नाही, आणि भाडेकरूला ती तीन सारख्या मासिक हप्त्यांत देण्याचा हक्क आहे. पहिला हप्ता राहायला गेल्यावर. ‘किल्लीआधी पूर्ण अनामत’ अशी अट घालणाऱ्याला हा नियम शांतपणे सांगा. किल्ली घेताना ताबा-पत्रक, म्हणजे युबरगाबेप्रोटोकोल, लिहून घ्या: भिंतींवरचे ओरखडे, गळका नळ, किल्ल्यांची संख्या आणि मीटरचे आकडे, त्यांच्या फोटोंसह. खोली सोडताना अनामतीतून पैसे कापले जातात ते याच कागदाच्या अभावी. पासपोर्टची प्रत द्यावीच लागली तर तिच्यावर आडवे ‘फक्त अमुक पत्त्याच्या भाडेकरारासाठी’ असे तारखेसह लिहून द्यावी.

दुसरी विनंती तुमच्या स्वतःच्या घरांबद्दल आहे, आणि येथे कायद्याची एक बाजू मोकळेपणाने सांगायला हवी. ‘नुसता पत्ता द्या, राहायला दुसरीकडे जाईन’ असे कुणी विद्यार्थी विनवू लागला, तर कितीही गयावया केली तरी नाही म्हणा. कोणी राहत नसताना नोंदणीसाठी पत्ता देणे बेकायदा आहे आणि पत्ता देणाऱ्याला ५०,००० युरोंपर्यंत दंड होऊ शकतो. आमचे मागणे वेगळे आहे. ज्यांच्याकडे एक खोली रिकामी आहे, त्यांनी ती दोन-तीन महिन्यांसाठी खरोखर राहायला द्यावी, रास्त भाडे घ्यावे, साधा लेखी पोटभाडे करार करावा. तुम्ही स्वतः भाड्याने राहत असाल तर आधी घरमालकाची लेखी परवानगी घ्यावी. मग घर देणारे म्हणून दाखल्यावर सही तुमचीच चालते. विद्यार्थी पुढे दुसऱ्या खोलीत गेला की दोन आठवड्यांत नवा पत्ता नोंदवतो. त्याच शहरात किंवा जर्मनीतच दुसरीकडे गेला तर जुना पत्ता वेगळा रद्द करावा लागत नाही.

यात भूगोल मात्र सांभाळावा लागतो. इल्मेनाऊला शिकणाऱ्याला फ्रँकफर्टची खोली देऊन भागत नाही. निवास-परवाना देणारी परदेशी नागरिक कचेरी राहत्या पत्त्यावरून ठरते. पत्ता बदलला की फाइल एका शहरातून दुसऱ्या शहरात जाते, आणि तिकडे ती पोहोचायला महिने लागतात. म्हणून खोली शिकण्याच्याच शहरात किंवा रोज ये-जा करता येईल अशा गावात हवी. मंडळे मोठ्या शहरांत आहेत, विद्यार्थी मात्र माग्डेबुर्ग, केम्निट्झ, झीगेन, डेगेनडोर्फ, इंगोलश्टाटमध्येही आहेत. तुमच्या सभासदयादीत अशा गावांतली दोन कुटुंबे असली, तरी ती त्या गावापुरती संपूर्ण व्यवस्था होऊ शकते. तशीही लहान गावात कचेरीची वेळ लवकर मिळते आणि खोलीचे भाडेही कमी. अडते ते फक्त जर्मन बोलणाऱ्या माणसावाचून.

आरोग्य विम्यावर थोडक्यात, पण ठासून. ३० वर्षांखालील विद्यार्थ्याला सार्वजनिक विमा कंपनीत विद्यार्थी दराने प्रवेश मिळतो, महिन्याला साधारण दीडशे युरोंच्या आसपास. विमा असल्याची सूचना कंपनी विद्यापीठाला इलेक्ट्रॉनिक पद्धतीने पाठवते, ती पोहोचल्याशिवाय प्रवेश पक्का होत नाही. मुलांना वाटते विम्याचे पत्र आपण अपलोड केले म्हणजे झाले; खरे तर कंपनीला ‘माझ्या विद्यापीठाला सूचना पाठवा’ असे सांगावे लागते. हा विमा १ ऑक्टोबरला सत्रासोबत सुरू होत असेल आणि मुलगी १० सप्टेंबरला उतरत असेल, तर मधल्या तीन आठवड्यांसाठी प्रवास विमा वेगळा लागतो. आणि स्वस्त खाजगी विम्याच्या नादाला लागून सार्वजनिक विम्यातून सूट घेतली, तर त्या शिक्षणक्रमाच्या काळात परत सार्वजनिक विम्यात येता येत नाही. ही सूट एका सहीने होते. तुमच्या गटांवर अशा विम्याच्या दलालीच्या जाहिराती फिरत असतील तर त्या काढून टाका, ही आमची कळकळीची विनंती आहे. ३० ओलांडलेल्यांना आणि केवळ भाषावर्गासाठी आलेल्यांना मात्र वेगळी वाट शोधावी लागते. त्यांनी निघण्याआधीच विचारपूस करावी.

व्हिसा बहुधा काही महिन्यांचाच असतो, पुढचा निवास-परवाना येथे काढायचा. अर्ज व्हिसा संपण्याआधी गेला, तर निर्णय होईपर्यंतचे वास्तव्य कायदेशीर धरले जाते आणि तसे प्रमाणपत्र, फिक्त्सिओन्सबेशाइनिगुंग, मागता येते. अर्ज एक दिवस जरी उशिरा गेला तरी गोष्ट बिघडते. नोंदणी झाली की त्याच आठवड्यात परवान्याची वेळ मागायला सांगा, चार महिने हातात आहेत म्हणून थांबू देऊ नका. बहिणीच्या लग्नाला डिसेंबरात गावी जायचे ठरवलेल्या मुलाचा व्हिसा संपलेला आणि प्रमाणपत्र हातात नाही, अशी वेळ आली तर परतीचे विमान त्याला घेणार नाही. फोटोचे मे २०२५ पासून बदलले आहे: परवान्यासाठी कागदावरचा फोटो चालत नाही, कचेरीतल्या यंत्रावर किंवा मान्यताप्राप्त स्टुडिओत डिजिटल काढावा लागतो. पुण्याहून डझनभर फोटो काढून आणलेली मुले ते पाकीट घेऊन रांगेत उभी असतात.

नोंदणीनंतर काही आठवड्यांत रेडिओ-टीव्ही शुल्काचे पत्र येते. महिन्याला १८.३६ युरो, दर घरामागे एकदाच. चौघांच्या सामायिक घरात एकाने भरले की पुरे. बाकीच्यांनी त्याचा शुल्क क्रमांक कळवायचा असतो. टीव्ही नाही म्हणून पत्र टाकून दिले तर थकबाकी साचत जाते आणि शेवटी वसुलीची नोटीस येते. विद्यापीठाकडून मिळणारे प्रवासाचे सत्र-तिकीट बहुधा १ ऑक्टोबरपासून चालते, सप्टेंबरात आलेल्याला डॉइचलांड-तिकीट, म्हणजे देशभरच्या स्थानिक बस-रेल्वेचा मासिक पास, घ्यावे लागते. जानेवारी २०२६ पासून ते ६३ युरोंना आहे. ते दर महिन्याला आपोआप पुढे सरकते. पुढच्या महिन्याचे नको असेल तर चालू महिन्याच्या १० तारखेपर्यंत रद्द करावे लागते.

सामानाचे आया ठरवतात, म्हणून हा भाग मंडळातल्या काकूंनीच त्यांना फोनवर सांगितला तर पटेल. घरचे तूप, पेढे, खवा, पनीर आणि मांसाचे काहीही युरोपीय संघात आणता येत नाही, कस्टममध्ये काढून घेतात. ताजा कढीपत्ता, लिंबे, चिकू, आंबेही नाहीत. गोडा मसाला, मेतकूट, वाळवलेला कढीपत्ता, डाळी, पोहे, भाजणी खुशाल आणावी. औषधे स्वतःला लागतील तेवढी, जास्तीत जास्त तीन महिन्यांची, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह. ॲल्युमिनियमचा कुकर इंडक्शनवर चालत नाही आणि काचेच्या शेगडीवर बूड सपाट नसेल तर तापत नाही. इंडक्शनचे चिन्ह असलेला, सपाट बुडाचा, तीन लिटरचा स्टीलचा कुकर आणावा. मिक्सरला व्होल्टेजची अडचण नाही, दोन्हीकडे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. फक्त अर्थिंग जोडणारा ॲडॅप्टर घ्यावा, दोन पिनांचा हलका नव्हे. आणि तो मिक्सर रात्री दहानंतर लावायचा नाही.

वसतिगृहाच्या खोलीत फोडणी द्यायची पद्धत मात्र येथे येऊन शिकावी लागते. खोल्यांच्या छतावर धुराचे सूचक असतात, मिरची आणि मोहरीच्या धुराने ते वाजतात, आणि काही वसतिगृहांत ते थेट अग्निशमन दलाशी जोडलेले असतात. गाडी विनाकारण आली तर तिचे बिल विद्यार्थ्याच्या गळ्यात पडू शकते. खिडकी आधी पूर्ण उघडायची, खोलीचे दार बंद ठेवायचे, तेल मंद आचेवर तापवायचे. सूचकावर प्लास्टिकची पिशवी बांधण्याची युक्ती कुणी शिकवत असेल तर त्याला तेथेच थांबवा. स्वयंपाक झाल्यावर आणि अंघोळीनंतर खिडकी पाच-दहा मिनिटे सताड उघडी ठेवायची, दिवसभर फटीएवढी नाही. थंडीत फट ठेवली की भिंत गार पडते आणि तेथेच बुरशी धरते.

विमान शनिवारी रात्री किंवा रविवारी उतरणार असेल तर आणखी एक अडचण असते. रविवारी दुकाने बंद. मोठ्या स्टेशनातले एखादे सोडले तर दूध-ब्रेडही मिळत नाही. वसतिगृहाच्या खोलीत बहुधा गादी असते, उशी-पांघरूण नसते. मंडळाने पाच-सहा पिशव्या तयार ठेवाव्यात: पांघरूण, उशी, चादर, टॉवेल, एक पातेले, ताट-वाटी-चमचा, एक बल्ब आणि दोन दिवसांचा शिधा. शिधा सोडून बाकीचे महिन्याभराने धुऊन परत घ्यावे आणि पुढच्याला द्यावे. सुट्टीच्या दिवशी ताप आला तर ११६११७ हा डॉक्टरांचा नंबर, जीवावर बेतले तर ११२, हे दोन नंबर प्रत्येक पिशवीला बांधलेल्या चिठ्ठीवर लिहावेत.

हे जमवायला किती माणसे लागतील? एका शहरामागे चार पुरेत. दोघे खोल्या पाहायला, एक कचेरीत सोबत जायला, एक फोन उचलायला. खोली पाहणाऱ्याने शिक्कामोर्तब करायचे नाही, जे दिसले तेवढे फोटोसह कळवायचे. निर्णय विद्यार्थ्याचा आणि त्याच्या घरच्यांचा. असे आधीच लिहून घ्यावे. यासाठी विद्यार्थ्याकडून पैसे घेऊ नयेत, प्रवासाचे तिकीट मात्र त्याने द्यावे. श्टुटगार्टच्या मंडळींना एक जास्तीची विनंती: तुमचे शहर १९६८ पासून मुंबईचे भगिनी-शहर आहे. नगरपालिकेच्या आंतरराष्ट्रीय विभागाशी बोलून नव्या विद्यार्थ्यांसाठी नोंदणीचे एक-दोन राखीव दिवस मागून पाहा. विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कक्षाला सोबत घेतले तर मागणीला वजन येईल.

व्हिसा जून ते सप्टेंबर या काळात हाती पडतात आणि खोल्यांसाठी पैसेही त्याच काळात पाठवले जातात. म्हणून हा विषय गणेशोत्सवाच्या पहिल्या तयारी-बैठकीत, मे किंवा जूनमध्येच, घ्यावा. त्या बैठकीत गावनिहाय यादी करा: कोण कुठे राहतो, कोणाकडे खोली आहे, कोण जर्मन बोलतो, कोणाला शनिवारी वेळ आहे. ती यादी संकेतस्थळावर टाकू नका, सभासदांचे पत्ते उघडे पडतील. एकच ईमेल पत्ता जाहीर करा आणि त्यावर आलेल्या प्रत्येक पत्राला दोन दिवसांत उत्तर जाईल एवढे पाहा.

कळावे, लोभ असावा.

आपले,
जर्मनीत नव्याने येणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांना मदत करणारे आम्ही काही जण